नदीपल्याडचं माहेर

आमच्या गावच्या सुना वाचतात अन् लेकी मरतात. शाप देऊन नाही राह्यली बाप्पा, जसं आहे तसं सांगून राह्यली. ऐकाले कडू लागत असन तं लागू द्या. मले तं दोन वर्षांपासून पाणीही कडूच लागते.

रीत साधी आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात लेकीची ओटी भराची, हिरवं लुगडं नेसवाचं अन् घरी आणाचं. आठव्यात तिनं शीव ओलांडाची नाही, नदी तं नाहीच नाही. आता आमचं गाव पडलं कटंगीच्या अंगाले, बावनथडी नदीच्या अल्याड, एमपीत. सोयरिकी साऱ्या पल्याड, महाराष्ट्रात. बोली एक, धान एक, देवही तेच, म्हणून पोरी देणं-घेणं तिकडेच. मंग होते काय, का सुनेचं माहेर पल्याड. पल्याड पूल उतरला का मोठा दवाखाना, डॉक्टरीण, रक्ताच्या बाटल्या. सून ओटी भरून जाते अन् लेकरू खांद्यावर टाकून हसत येते. अन् आमची लेक त्याच दवाखान्याच्या उशाशी नांदत असते, तिले आम्ही कौतुकानं उठवून इकडे आणतो. इकडे काय आहे? उपकेंद्राच्या दाराले कुलूप अन् व्हरांड्यात सरपंच हिरालालच्या बकऱ्या. नर्सबाईची बदली झाली ते झालीच, दुसरी आली नाही. बालाघाटात सगळं आहे म्हणतात. असन बाप्पा, पण ते बालाघाटात आहे.

माही सून मयुरी पल्याड गेली अन् नातू घेऊन आली. पुढच्या साली माही लेक पौर्णिमा इकडे आली. रीत होती, आणली. माह्या हातानं हिरवं लुगडं नेसवलं, खोबऱ्याची वाटी ओटीत टाकली. आठवा सरता सरता एका भरदुपारी तिचं पोट दुखाले लागलं. बाळंत घरातच झाली, अन् रक्त काही थांबे ना. एकशे आठले फोन लावला तं तो लागला भोपाळले. भोपाळची पोरगी गोड आवाजात विचारते, "मैडम, जिला कौन सा है?" गाडी आली, पण लय उशिरा आली. मी ड्रायव्हरचा हात धरला. म्हटलं, "दादा, पूल ओलांड. पल्याड दवाखाना आहे, त्याची पाण्याची टाकी दिसते इथून." थो पोरगा रडकुंडीले आला. "अम्मा, उस पार हमारी हद नहीं है." त्याचा काय दोष? गाडी वळली बालाघाटकडे. रस्त्यात वारासिवनी लागाच्या आधीच पोरीनं माह्या मांडीवर मान टाकली. लेकरू तं घरातच गेलतं.

मंग तिच्या बापाची, माह्या मालकाची वणवण सुरू झाली. भोजराज नाव त्यांचं. तिच्या मरणाचा दाखला पाहिजे होता. इकडचे म्हणे, बाई महाराष्ट्राची, कार्ड महाराष्ट्राचं, तिकडे जा. तिकडचे म्हणे, मेली तिकडे, कागद तिकडूनच आणा. माय जेवू घालेना अन् बाप भीक मागू देईना! शेवटी एक दिवस ते बसमधून उतरून घरी आले, पायातले जोडे काढले अन् म्हणाले, "दुर्गे, राहू दे. आपल्याले तं माहीत आहे ना का पोरगी गेली, मंग कागदाले सांगून काय कराचं." त्यानंतर त्यांनी कधी तिचं नाव घेतलं नाही. जवायानं दुसरं लगन केलं. तिचं ते बाळंतपणाचं कार्ड, पल्याडच्या दवाखान्याचं, मी पेटीत ठेवून देल्लं, हिरव्या लुगड्याच्या घडीत. आता कोणी म्हणन कायले ठेवलं. मायले असं विचारू नये.

आता फगनीचं सांगते. आमच्या घराच्या मागच्या खोपडीत कुशल राहते, आमच्या धानाच्या बांधीत कामाले असते. पहिले थो भरवेलीच्या खाणीवर ठेकेदाराकडे होता, तिथून हे पोरगी करून आणली. बिरसा गावाच्या पुढे, जंगलात तिचं गाव. गोंडाची पोर, हाडाची काडी अन् डोळे हळदीसारखे. सिकलसेल आहे तिले. थंडी पडली का हाडं धरून रडते, अन् अंगात रक्त म्हणून नाही. मी तिच्यावर दिवसभर खेकसते. "फगने, शेण कुठं टाकलं? फगने, खांबासारखी उभी काय राह्यली?" थे नुसती हसते. पौर्णिमाही रागावलं का अशीच हसे. म्हणूनच मले जास्त राग येते.

या साली फगनी पोटुशी राह्यली. पहिलीच खेप. कटंगीच्या बाजारातल्या डॉक्टरनं तिले पाहून कुशलले बजावलं का बाबा, हिचं बाळंतपण घरी करू नको, जिथं रक्ताची बाटली तयार असन तिथंच ने, नाहीतं बायको हातची जाईन. कुशल परत आला अन् म्हणते, "काकी, रीतीनं तिले माहेरी पाठवा लागन."

"कोणत्या माहेरी बे?" मी ओरडली. "तिच्या माहेरी गाडी जिथं थांबते तिथून पुढे अर्धं जंगल पायी आहे! बाटली काय झाडाले लटकली आहे तिथं?"

फगनी खाली पाहत होती. म्हणाली, "मोर दीदी उहाँच मरिस, काकी." तिची मोठी बहीण तिथंच गेलती, अशीच, बाळंतपणात. मले माहीत नव्हतं. इतके दिवस माह्या अंगणात वावरून राह्यली, अन् मी कधी विचारलं नव्हतं.

त्याच दिवसांत गावात साहेब आले. अनुराग साहेब, आरोग्य खात्याचे, बालाघाटचेच, मराठी घरचे, आजा-बाप सरकारी नोकरीसाठी तिकडे गेलेले. एक नवीन प्रसूतीघर मंजूर झालतं. पलंग, नर्स, रक्त ठेवाचं फ्रीज, सारं त्यात. कोणत्या गावात बांधाचं ते ठरवाचं होतं. शाळेच्या व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या, हिरालालनं सारं गाव गोळा केलं. मी फगनीले संग घेऊन सगळ्यात पुढे जाऊन बसली.

साहेबानं लॅपटॉप उघडला. त्यात जिल्ह्याचा नकाशा, अन् त्यावर हिरवे, पिवळे, लाल ठिपके.

"आपका गाँव तो ग्रीन है, बधाई हो," साहेब म्हणाले. "तीन साल में एक भी माता की मृत्यु नहीं. और डिलीवरी भी, देखिए, ज़ीरो."

हिरालालनं टाळी वाजवली. मूर्ख कुठला! त्याचं पाहून आणखी दोघा-चौघांनी वाजवली.

मी उठली. "साहेब, मराठी समजते ना? मंग मराठीत ऐका. माही पौर्णिमा कुठं आहे तुमच्या या ठिपक्यात?"

साहेबानं खाली-वर पाहिलं, मंग कोणीतरी त्यांच्या कानात सांगतलं. ते हळू आवाजात म्हणाले, "काकू, वाईट झालं. पण ती केस महाराष्ट्राची. आपल्याकडे धरता येत नाही."

"अन् महाराष्ट्रवाले म्हणतात तुमची."

"हो. बॉर्डरवर असं होतं."

असं होतं! जसं काही भाजीत मीठ जास्त पडलं. माह्या अंगाची आग आग झाली. म्हटलं, "बरं, लाल ठिपके कुठं आहेत ते दाखवा." त्यांनी बोट ठेवलं. सारे शहराच्या आजूबाजूले, मोठमोठ्या दवाखान्यांजवळ. "अन् हिचं माहेर? बिरसाच्या पुढे?" तिथंही हिरवं. साहेब, हिची बहीण तिथं मेली, असं मी सांगतलं. ते म्हणाले, नोंद नाही.

"वा रे वा!" मी म्हटलं. "म्हणजे जिथं दवाखाना आहे तिथंच मरण मोजाले माणूस आहे, म्हणून तिथं लाल. जिथं काहीच नाही तिथं कोणी मरतच नाही. अन् नवीन दवाखाना भेटणार लाल ठिपक्याले! ज्याचं ताट भरलं आहे त्यालेच वाढा, अन् उपाशाले म्हणा, तुम्ही तं जेवाले मागतच नाही."

लोकं हसले. साहेब नाही हसले. माणूस वाईट नव्हता, खोटं कायले बोलू. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "काकू, मला कळतं सगळं. पण नियम आकड्यांवर आहे. तुमच्या गावात डिलिव्हरीच दिसत नाही, तर मी वर काय मागू? एक करा. हिची डिलिव्हरी इथेच होऊ द्या, उपकेंद्रात. मी कुलूप काढून देतो, त्या दिवसांत नर्स पाठवतो. एक जरी जोखमीची केस कागदावर आली, तर गावाचा रंग बदलेल. मग मी भांडू शकतो."

"अन् रक्त?"

"गरज पडली तर बालाघाटला रेफर करू."

सारं गाव फगनीच्या पोटाकडे पाहाले लागलं, जसं बाजारात बैलाकडे पाहतात. हिरालाल लागलाच म्हणाले, "हौ हौ साहेब, फगनी इथंच राहीन, मी जबाबदारी घेतो." फगनीनं माहा पदर धरला.

"साहेब," मी म्हटलं, "म्हणजे पहिले एखादीनं मरून दाखवाचं, मंग तुम्ही पलंग देणार."

त्यांनी लॅपटॉप मिटला अन् चहा न पेता गेले.

संध्याकाळी हिरालाल अंगणात आला. "वहिनी, डोकं शांत ठेव. एका बाईचं बाळंतपण इथं झालं तं साऱ्या गावाचं भलं होईन. उद्या कोणाची लेक माहेरी येईन, तिचा जीव वाचन. तुही पौर्णिमा असती तं तुले..."

"तुही सून पोटुशी आहे ना?" मी मधातच विचारलं. "तिले ठेव मंग इथं."

"ते कसं? तिचं पहिलं आहे, थे तं माहेरी जाईन, पल्याड."

"जाईन ना! तुही जाईन, माही गेली, साऱ्यांच्या गेल्या. अन् जिले माहेर नाही तिले कागदावर ठेवाची. लाज वाटू दे जराशी!"

थो पाय आपटत गेला. पण खरं सांगू, त्याचं बोलणं माह्या मनातून जाये ना. चूक नव्हतं ते. पलंग आला असता, नर्स आली असती, तं पुढच्या लेकी वाचल्या असत्या. मी चुलीपुढे बसून घडीभर तोच विचार केला. मंग मागच्या खोपडीतून फगनीचं कण्हणं ऐकू आलं, अन् मी उठून इहीणबाईले फोन लावला. मयुरीची माय, गीताबाई, पल्याड दवाखान्यापासून जवळच राहते.

"गीताबाई, एका पोरीले घेऊन येते. बाळंत होईपर्यंत तुमच्याकडे राहू द्या."

"कोणाची पोरगी?"

सांगतलं. मंग म्हणाली, "इहीणबाई, राग नका मानू. मयुरी माही लेक, तिचं केलं. हे गोंडाची पोर, माह्या स्वयंपाकघरात, माह्या सासूच्या डोळ्यासमोर... कोणत्या नात्यानं ठेवू मी तिले?"

"माही लेक म्हणून ठेवा," मी म्हटलं. "माही लेक माह्या घरी मेली. तुमच्या घरी एक जगू द्या." अन् मले रडू आलं. मले फोनवर रडाले बिलकुल आवडत नाही.

गीताबाई म्हणाली, "या. सासूले मी पाहून घेईन."

दुसऱ्या दिवशी मी पेटी उघडली. पौर्णिमाचं हिरवं लुगडं काढलं, फगनीले नेसवलं, तांदूळ-खोबऱ्यानं तिची ओटी भरली. आठवा महिना लागलता. भोजराज दारात उभे होते. "आठव्यात नदी ओलांडून नेतं? लोकं काय म्हणतीन?"

"लोकं म्हणाले तसं केलं एकदा," मी म्हटलं. "त्याचं काय झालं ते तुम्हीही पाहिलं."

ते आत गेले अन् आपली शाल आणून फगनीच्या खांद्यावर टाकली. कुशलले घेऊन आम्ही कटंगीहून पल्याडच्या तुमसरची बस धरली. पुलावर बस चढली तेव्हा फगनीनं डोळे मिटले. "काकी, मोला डर लागथे." मलेही भेव वाटून राह्यलं होतं, पण मी तिच्यावर खेकसली, "नदीच आहे, गिळते का तुले?"

गीताबाईनं चांगलं ठेवलं. तिची सासू पहिले तोंड फिरवून बसे, मंग तिनंच फगनीच्या पायाले तेल लावलं. अन् एका सकाळी, दिवस भराच्या आधीच, फगनीले कळा लागल्या. अंग तापलं, हाडं दुखाले लागले, ओठ पांढरे पडले. आम्ही तिले रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिले आत नेलं अन् मले खिडकीवर पाठवलं. खिडकीत कंप्युटरपुढे एक पोरगा बसलता.

"नाव? कार्ड?"

मी फगनीचं कार्ड देल्लं, कटंगीकडचं. त्यानं उलटून-पालटून पाहिलं. "मावशी, हे तं एमपीचं. आम्ही तपासू, पण रक्त चढवाचं असन तं पेशंट इकडचा पाहिजे. साठा कमी आहे, वरून तसं सांगतलं आहे. तुमच्या जिल्ह्यात न्या, चिठ्ठी देतो."

तुमच्या जिल्ह्यात न्या! तेच बोलणं, फक्त या अंगाकडून. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ते असं. माह्या डोळ्यापुढे ते गाडीचं वळणं आलं, वारासिवनीचा रस्ता आला. मी भांडली असती, खिडकीची काच फोडली असती. पण काच फोडून रक्त भेटत नाही.

मी पिशवीत हात घातला. लुगड्याच्या घडीतून निघालेलं पौर्णिमाचं कार्ड मी संग आणलं होतं. कायले आणलं, मलेही सांगता येत नव्हतं. तेव्हा आलं ध्यानात. कुशल बाजूले उभा होता. त्याले म्हटलं, "दुसरं नाव लिहा लागन. बापाचंही दुसरंच लागन. कागदावर लेकरू तुहं राहणार नाही." म्हणाला, "काही भी लिहा काकी. तिले जगू द्या."

मी कार्ड खिडकीत सारलं. "हे पाहा. चुकून हिच्या वहिनीचं देल्लं. हे माह्या लेकीचं. इथलंच आहे."

पोरानं नंबर टाकला. मेलेल्या बाईचं कार्ड! आता थो म्हणन, हे तं मेली. आता पोलीस बोलावन.

"पौर्णिमा," थो वाचाले लागला. "आहे. चालू आहे. पण हे दोन वर्षांआधीचं, त्या बाळंतपणाची नोंद नाही झाली."

"तिकडे झालं, नदीच्या त्या अंगाले. कोणी लिहिलं नाही."

"होते असं बॉर्डरवर," थो म्हणाला अन् बटन दाबलं. "जा, रक्ताचं सांगतो."

मी तिथंच भिंतीले धरून उभी राह्यली. दोन्ही सरकारांनी माही पोरगी मेली असं लिहाले नाही म्हटलं होतं. म्हणून थे अजून चालू होती. अन् आत फगनीच्या हातात तिच्या नावाची बाटली चढून राह्यली होती.

दुपारी हिरालालचा फोन आला. प्रसूतीघर गेलं, शहराजवळच्या मोठ्या गावाले. "तुह्यामुळं गेलं, दुर्गा. एक केस दाखवली असती तं आपलं होतं. गावाचं नुकसान केलं तू." मी फोन ठेवून देल्ला. थो खोटं बोलला नव्हता, आता त्याची सून नाही तं कोणाची तरी लेक माहेरी येणारच आहे, अन् कुलूप तसंच आहे.

मंग आतून नर्सनं दार उघडलं अन् साऱ्या व्हरांड्यात ओरडली, "पौर्णिमाची माय कोण आहे? पौर्णिमाची माय!"

दोन वर्षांत मले कोणी असं बोलावलं नव्हतं. गीताबाईनं मागून ढकललं.

"हौ," मी म्हटलं. "मीच."

"पोरगी झाली. पौर्णिमा बरी आहे, बोलून राह्यली. जा, पाहून घ्या."

मी आत गेली. फगनी हिरव्या लुगड्यावर पडली होती, बाजूले मुठीएवढं लेकरू. मले पाहून थे हसली. मी म्हटलं, "हसते काय बेशरमासारखी?" अन् तिच्या उशाशी बसून हमसून हमसून रडली.

सुट्टी होताना खिडकीतल्या पोरानं छापील कागद देल्ला. त्यावर लिहिलं होतं: आई सुखरूप, बाळ सुखरूप. माह्या पौर्णिमाबद्दल सरकारनं पहिल्यांदाच काही लिहून देल्लं, अन् तेही खोटं. फगनीबद्दल तं कुठंच काही नाही. आमचं गाव हिरवंच आहे.